बर्फाची लादी आणि अप्पांची घागर

रत्नागिरीहून निघताना मालकांनी मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. नांदेडला एक जुना बर्फाचा कारखाना मोडीत निघतोय, त्याचा कॉम्प्रेसर बघून यायचा. आणि बघून झाला की उगाच भटकत न बसता परत यायचं. माझ्या मनात तिसरंच काम होतं. चाकूरला आजोळी वाढणारी माझी मुलगी उमा, तिला या वेळी कायमची माझ्याकडे घेऊन यायची. या सगळ्यात मी काय दिवे लावले त्याची ही हकीकत. ज्यांना मराठवाड्यातली देवळं आणि लेणी यांची माहिती हवी असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी प्रवासवर्णन वाचावं.

उमाची आई काविळीनं गेली तेव्हा उमा धड पाटीवर रेघ ओढत नव्हती. मी बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक. कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. पोरीकडे बघणार कोण? म्हणून ती अप्पांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे राहिली आणि मी दर उन्हाळ्याला पाहुण्यासारखा जाऊ लागलो. जाण्याआधी दोन दिवस मी साबणानं अंग खरवडतो. कारण आमचा बर्फ जातो मासळीवर, आणि अप्पांचं घर कडक लिंगायत. मूळचा मीही उदगीरचा, तशाच घराण्यातला. पण माझी इष्टलिंगाची चांदीची डबी गळ्यातून निघून खुंटीला कधी लागली ते मलाच आठवत नाही.

या वर्षी शाळेजवळ दोन खोल्या मिळाल्या होत्या. पोरीकडे बघायला घरमालकीण तयार होती. गेल्या उन्हाळ्यात अप्पा म्हणाले होते, "पुढच्या साली पोरीचं मन बघा, आन् मग बोलू." तर मी पोरीचं मन जिंकायला निघालो होतो.

मनमाडहून छोट्या रुळांच्या गाडीनं नांदेडला उतरलो. खिडकीतून दिसलं होतं ते सगळं एकाच रंगाचं: वाळल्या भाकरीच्या. गोदावरीच्या पुलावर टांगा थांबवून खाली पाहिलं तर नदी नव्हती, नदीची जागा होती. वाळूत बायका झिरे (वाळू उकरून केलेले खड्डे) खणून बसल्या होत्या. प्रत्येक खड्ड्याशी एक बाई, हातात करवंटी, नजर खड्ड्यात. पाणी पाझरलं की करवंटीनं उचलायचं, पुन्हा वाट बघायची. एवढ्या बायका एका ठिकाणी आणि कुणी कुणाशी बोलत नाही, हे दृश्य मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

स्टेशनाजवळच्या हॉटेलवाल्याकडे पाणी मागितलं. तो म्हणाला, "चाय लेव, पानी नक्को मांगो भाई. चाय में बी पानीच हाय." मी दोन चहा प्यालो.

कारखान्यातला कॉम्प्रेसर बघायला फार वेळ लागला नाही. हात लावला तसा गंजाचा पापुद्रा हातात आला. मुकादम म्हणाला, आता पाणी मिळेल तेवढ्याच लाद्या काढतो. बघता बघता मला कल्पना सुचली. उमानं पूर्ण लादी कधीच पाहिलेली नव्हती. गोळेवाल्याकडचा किसलेला बर्फ म्हणजे बर्फ, असं तिला वाटायचं आणि मी दर वर्षी हातानं माप दाखवून सांगायचो, "अगं, एवढी असते!" ती म्हणायची, "बाबा, तुमी फेकता."

मी मुकादमाला म्हणालो, "एक लादी मिळेल का? मुलीसाठी पाहिजे."

मागं दोघं डबे उचलत होते, ते थांबले. मुकादमानं डोक्यावरची टोपी काढली.

"केवढी हाय लेक?"

"दुसरीतून तिसरीत गेली."

"अरारा." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उन्हानं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या उन्हाळ्यात तिथला बर्फ सरबताला जातच नव्हता. उन्हानं गेलेल्यांना गावाकडची माणसं येईपर्यंत ठेवायला जात होता.

"नाही नाही, जिवंत आहे हो ती!" मी म्हणालो.

"हाव, हाव," मुकादम डोळे पुसत म्हणाला. "बसा जरा. पाणी आण रे यांना."

मी जितकं जोरात सांगू लागलो तितकं त्यांना माझं जास्तच वाईट वाटू लागलं. अख्ख्या नांदेडात मला पहिलं पाणी मिळालं ते असं. लादी भुशात घालून, गोणपाटात शिवून त्यांनी स्वतः टांग्यात चढवली आणि हात जोडून उभे राहिले. अपशकुन वगैरे मी मानत नाही. तरी स्टँडपर्यंत मी त्या गोणपाटाकडे बघितलं नाही.

लातूरच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ह्याच्यात? मयत-बियत न्हाई ना?" मी दचकून म्हणालो, "बर्फ." तो म्हणाला, "मग सीटाखाली ढकला, आन् लगेज घ्या." आता इतकी वर्षं बर्फात काढलेल्या माणसानं गाडीच्या इंजिनाजवळची जागा घ्यावी का? मी घेतली. खिडकी छान होती.

लोह्याच्या आत गोणपाट गळू लागलं. आधी एक धार माझ्या चपलेतून गेली, मग मागच्या सीटखाली. मागं एक म्हातारी पाय वर घेऊन बसली होती. तिनं खाली वाकून बोट लावलं, बोट चाटलं आणि ओरडली, "आगं बया! पाणी हाय की!"

मग जे झालं ते झालं. तिनं पिशवीतून लोटा काढून धारेखाली धरला. तिच्या बाजूच्यानं डब्याचं झाकण धरलं. एका बाईनं लेकराला मांडीवरून उतरवून सरळ गोणपाटाला तोंड लावायला बसवलं.

"ओ पाहुणं, जरा हलवा की ते. तिकडून गळून राहिलंय, इकडून न्हाई."

"भुसा येऊन राहिला त्याच्यात."

"भुसा काय, गाळून पिऊ."

लोट्यातलं पाणी खालून वर, हातोहात फिरलं. माळाकोळीच्या चढावर ड्रायव्हरनं गाडी थांबवली, मला वाटलं आता उतरवतो. त्यानं जर्मनचा मग पुढं केला. शेजारी धोतरवाले एक गृहस्थ होते, त्यांना मी गप्पांच्या ओघात विचारलं, "चाकूर उस्मानाबाद जिल्ह्यातच ना?" गाडीतली अर्धी माणसं माझ्याकडे वळली.

"कोणत्या साली राहता तुमी? लातूर जिल्हा झाला आता. आपला जिल्हा!"

"मग आता काय काय झालं?" मी विचारलं.

गृहस्थ विचारात पडले. "साहेब लोक आले," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पाणी न्हाई आलं अजून."

अहमदपूर मागं पडलं तेव्हा लादीची उशी झाली होती, शिरूर ताजबंदला वीट. चाकूरच्या स्टँडवर मी गोणपाट घेऊन उतरलो तर आत नारळाएवढा तुकडा होता.

घराकडे निघालो. रस्त्याच्या कडेनं घागरी, हंडे, डबे, कळश्या यांची लांबच लांब रांग होती. माणसं सावलीला आणि भांडी उन्हात. टँकर कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या रांगेत एका हंड्यावर हात ठेवून एकटीच पोरगी उन्हात उभी होती. तिच्या अंगावर मागच्या वर्षी मी आणलेला फ्रॉक होता, आता गुडघ्याच्या वर गेलेला.

"उमा!" मी हाक मारली.

तिनं पाहिलं. तोंडभर हसली. पण जागची हलली नाही.

"बाबा, थांबा. नंबर हाय माझा."

मी रस्त्याच्या या बाजूला, ती त्या बाजूला. टँकर येईपर्यंत आम्ही तसेच एकमेकांकडे बघत उभे राहिलो. मधून ती हात हलवायची. टँकर आल्यावर ज्या तऱ्हेनं ती कोपरं मारत पुढं घुसली ते बघून मला अभिमान वाटला.

घरी मी तिला बर्फाचा तुकडा दिला. ओंजळीत धरून ती थोडा वेळ बघत राहिली. मग सरळ जाऊन तिनं तो पिण्याच्या कळशीत टाकला.

"अगं, चाटून तरी बघ!"

"वाया कामून घालवायचा? पाणी होतंय की त्याचं."

तिची मामी, कस्तुरा, चुलीपाशी बसली होती. नवरा लातुरात मजुरीला, म्हणून घराचा भार तिच्यावर. ती म्हणाली, "दाजी, एवढ्या लांबून आणला तो एवढाच? रत्नागिरीत बर्फाचे भाव वाढले वाटतं." उमा खो खो हसली. मग तिनं बोट कळशीत घालून तुकड्याला लावलं, झटकन काढलं आणि म्हणाली, "चावतोय!"

पुढचे दिवस सुखाचे होते. पहिल्याच सकाळी मी घमेल्यात बसून, सांगितलं होतं तसं, एका तांब्यात आंघोळ केली आणि खूश होऊन बाहेर आलो. उमा घमेलं शेळीपुढं ठेवायला गेली आणि हताश होऊन परत आली. "बाबा, साबण लावला का तुमी? साबणाचं पाणी शेळी पीत न्हाई." मासळीचा वास जावा म्हणून लावला होता. शेळी दिवसभर माझ्याकडे बघून ओरडत होती.

भांडी घासायला पाणी नको म्हणून जेवण पळसाच्या पानावर. भाकरी रेशनच्या लाल ज्वारीची, घशाला टोचणारी, तिच्यावर शेंगदाण्याची चटणी. एका संध्याकाळी कस्तुरानं माझ्यासाठी सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ) केली. उमा कानाशी येऊन म्हणाली, "तुमी हाव म्हणून. चुरमुरे भिजवायला पाणी लागतं."

दुपारी ओसरीवर पडून मी तिला समुद्राच्या गोष्टी सांगायचो. जिथवर नजर जाईल तिथवर पाणी, आकाशाला टेकलेलं. ती माझ्या पोटावर डोकं ठेवून ऐकायची.

"पितात का ते?"

"नाही, खारं असतं."

"शेळी?"

"शेळीपण नाही."

"मग काय उपयोग?" ती म्हणाली, आणि कुशीवर वळून झोपली. तिचं डोकं माझ्या पोटावर होतं, श्वासाबरोबर वर-खाली होत होतं. ती जागी होईल म्हणून पाठीला मुंग्या आल्या तरी मी हललो नाही. माझ्याकडे राहायला येशील का, हा प्रश्न रोज ओठांवर यायचा आणि मी उद्यावर ढकलायचो.

अप्पांबद्दल सांगायला हवं. बारीक अंगाचे, मान ताठ, बाजारपेठेत छोटं किराणा दुकान. गिऱ्हाईक नव्हतं, तरी ते उघडून बसत. सकाळी इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्यावर पाण्याची धार धरायची, पूजा करायची, आणि मगच तोंडात पाणी. हा त्यांचा नेम तरुणपणापासूनचा. टँकरच्या पाण्याला रॉकेलचा वास येई, ते त्यांना पूजेला चालत नसे. मठाच्या आडात सोमवारपुरतं पाणी साठायचं, घरटी एक घागर. ती घागर अप्पा स्वतः शेंदून आणत आणि आठवडाभर पुरवत. हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा, सांगितलं असेलही, पण मी ऐकलं नव्हतं.

मिरग कोरडा चालला. तेव्हा गल्लीतल्या पोरांनी धोंडी काढली. म्हणजे एका मुलाला कडुलिंबाच्या डहाळ्यांनी मढवायचं, दारोदार न्यायचं, घरच्या माणसानं त्याच्या डोक्यावर पाणी ओतायचं आणि देवाकडे पाऊस मागायचा. खरं तर मुसळाला बेडूकही बांधतात. या वर्षी बेडूकच सापडला नाही. ठरलेल्या मुलाला गोवर निघाला, म्हणून पोरांनी उमाला धोंडी केलं.

दुपार कलली होती. कस्तुरा दळणाला गेलेली, अप्पा दुकानात, घरात मी एकटा. आरडाओरडा ऐकून दारात आलो. शेजारच्या दारापुढं माझी लेक उभी, सगळी हिरवीगार, डोळे मिटलेले, हात जोडलेले. शेजारीण बाहेर आली, वाटीत बोटं बुडवली आणि चार थेंब शिंपडले. त्याच्या पलीकडच्या घरानंही तसंच. पोरं ओरडत होती आणि धोंडी कोरडीच. आमच्या दारात आली तेव्हा डहाळ्यांची पानंसुद्धा भिजली नव्हती.

मला राहवलं नाही. मी बंदरातला माणूस. माझ्या हाताखालून दिवसाला किती पाणी जातं याचा मला हिशोब नाही. माझी पोर देवाला पाणी मागतेय आणि लोक तिच्यावर बोटं झटकतात? आत गेलो. कोपऱ्यात ओल्या फडक्यानं झाकलेली तांब्याची घागर होती, लखलखीत. बापाला शोभेल अशी. खांद्यावर घेतली, बाहेर आलो आणि पोरीच्या डोक्यावर अख्खी रिकामी केली.

काय सांगू तो क्षण! उमाचा श्वासच अडकला. मग ती किंचाळली, नाचली, डहाळ्या झाडून पोरांच्या अंगावर पाणी उडवू लागली. पोरं तिच्याभोवती उड्या मारत होती. आई गेल्यापासून तिला मी एवढं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. मी घागर हातात धरून उभा, छाती फुगलेली.

मग तिनं डोळे पुसले आणि तिला घागर दिसली.

"बाबा. ही अप्पांची हाय."

पोरं एकेक करून पांगली. उमानं घागर माझ्या हातातून घेतली, अंगावरच्या डहाळ्या ओरबाडून काढल्या आणि फ्रॉकचा घेर घागरीच्या तोंडावर धरून पिळू लागली. एक बाजू पिळली, मग दुसरी. वेण्या पिळल्या. तळाशी हिरवट, कडुलिंबाच्या वासाचं थोडंसं पाणी जमलं. ते बघून ती रडायला लागली, आणि रडतानासुद्धा तिनं डोळे बाहीला पुसले नाहीत, घागरीवर वाकूनच राहिली.

कस्तुरा आली. तिनं ओलं अंगण पाहिलं, घागर पाहिली, मला पाहिलं. "दाजी," ती म्हणाली, "तुमच्याकडं समुद्र हाय म्हणं. कुणी तरी त्याला कुलूप लावा." आणि आत जाऊन बसली.

अप्पा आल्यावर उमानंच त्यांना सांगितलं. ते खाटेवर बसले. "पोरीच्या डोक्यावर गेलं ना," ते म्हणाले. "मग वाया न्हाई गेलं."

मला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या सकाळी अप्पांनी तोंडात पाणी घेतलं नाही. कस्तुरा शेजाऱ्यांकडून तांब्याभर मागून आणते म्हणाली, ते म्हणाले, "दुसऱ्याच्या पूजेतलं पाणी मागायचं न्हाई." टँकरचं? मान हलवली. सोमवार लांब होता. भस्म लावून, उपाशी, ते नेहमीसारखे ताठ मानेनं दुकानाकडे निघाले. फक्त पायरी उतरताना त्यांनी खांब धरला. उमा दारात उभी राहून ते बघत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी मिळाली ती पहिली एसटी पकडून लातूरला गेलो.

नवा जिल्हा रंगाच्या वासानं भरला होता. जिकडं तिकडं पाट्या रंगवणं चालू. एक पेंटर शिडीवर चढून जुन्या पाटीवरचं 'तालुका' पांढऱ्या रंगानं पुसत होता. भाड्याच्या घरांत कचेऱ्या उघडलेल्या, दारात जीप, आणि जिपेच्या सावलीला रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या बायका. मांजरा नदी आटली होती. गंजगोलाईच्या बाजारात विचारत विचारत मी बर्फाचा कारखाना गाठला.

"लग्नाला का मयताला?" तिथल्या माणसानं विचारलं.

"हे बघा," मी म्हणालो, "माझी मुलगी जिवंत आहे. सासरे जिवंत आहेत. बर्फ पूजेला पाहिजे."

तो जरा मागं सरकला. पण लादी दिली.

या वेळी मी माझ्या धंद्याला जागलो. साळीचा तूस घातला, त्यावर दोन गोणपाटं, त्यावर माझं घोंगडं आणि माझा सदरा. इंजिनापासून लांब, सावलीच्या बाजूला, नुसत्या बनियनवर बसून मी लादीला मिठी मारून चाकूरपर्यंत आलो. एक थेंब गळू दिला नाही. एका माणसानं लोटा पुढं केला तर मी त्याच्यावर खेकसलो. नंतर त्याच्याकडे बघवलं नाही.

अप्पा दुकानातून येऊन खाटेवर आडवे झाले होते. ओठ पांढरे पडले होते. मी गोणपाट सोडलं. अर्ध्याहून जास्त लादी शाबूत होती, काचेसारखी, तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. उमा पुढं आली. हातानं तिची लांबी मापली.

"कशाचं पाणी?" अप्पांनी विचारलं.

"बोअरचं. डब्यात भरून गोठवतात. कुणाचा हात लागत नाही."

"तुमचा लागला की." ते उठून बसले. "तुमचा हात लागल्यावर पाण्याचं काय होतं, ते बघितलंय आमी."

लादीवर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं. मग स्वच्छ फडकं मागितलं. मी फोडून दिलेला तुकडा त्यांनी फडक्यात बांधला, आढ्याच्या कडीला टांगला, खाली मांडी घालून बसले आणि इष्टलिंग तळहातावर घेतलं. वरून थेंब पडू लागले. एक, मग बऱ्याच वेळानं दुसरा. घाई करायचं काही साधन नव्हतं. थंडीनं त्यांचा हात थरथरू लागला, तेव्हा उमा जवळ जाऊन बसली आणि खालून आपले दोन्ही हात त्यांच्या हाताला लावून धरले. आजा-नातीच्या बोटांमधून पाणी परातीत ठिबकत होतं. मी नुसत्या बनियनवर भिंतीशी उभा होतो. मला त्या पूजेत जागा नव्हती आणि ती मागायचं तोंडही नव्हतं.

पूजा झाली. अप्पा जेवले. पान उचलताना म्हणाले, "पाहुणं, पोरीला घेऊन जा तुमी. तिकडं पाणी हाय. इथं तिचं बालपण रांगेत चाललंय. मी न्हाई म्हणणार न्हाई."

ज्यासाठी आलो होतो ते असं, न मागता, पानावर वाढल्यासारखं मिळालं. मी उमाकडे वळलो. एवढ्या दिवसांचा प्रश्न अखेर विचारला, "येशील ना?"

ती परातीतलं पाणी घागरीत ओतत होती. ते पूर्ण ओतून झाल्यावर म्हणाली, "न्हाई, बाबा."

"का गं?"

"मी गेल्यावर घागरीकडं कोण बघंल? मामी दळणाला जाते." मग मला वाईट वाटू नये म्हणून आवाज बारीक करून म्हणाली, "आन् तुमच्यासारखं कुणी आलं तर?"

कस्तुरा हसली. अप्पाही हसले. मीसुद्धा हसलो, ती खरंच हसण्यासारखी गोष्ट होती. मग मी घोंगडं झाडायचं निमित्त करून अंगणात गेलो आणि बराच वेळ झाडत राहिलो.

निघायच्या दिवशी ती रांगेत हंडा ठेवून, त्यावर दगड ठेवून स्टँडवर आली. हातात अप्पांचा फिरकीचा तांब्या (मळसूत्री झाकणाचा, प्रवासात न्यायचा) होता, भरलेला.

"हे कुणाचं पाणी?" मी घाबरून विचारलं.

"माझं. आज मी आंघोळ न्हाई केली." मग बोट वर करून, अगदी अप्पांसारखी मान ताठ करून म्हणाली, "तांब्या उसना हाय. परत आणून द्यायचा. हरवायचा न्हाई."

"आणीन."

"आन् बाबा, लादी लई मोठी होती. तुमी फेकत न्हाई."

गाडी हलली तशी ती वळून पळत सुटली. नंबर होता तिचा.

आता इथं मी लिहायला हवं की ते पाणी मी थेंबभरही संपवलं नाही, रत्नागिरीपर्यंत जपून आणलं. पण लातूर सोडलं, ऊन चढलं, आणि जवळचंच मुरूड यायच्या आत मी ते घटाघटा पिऊन टाकलं होतं. शेवटचा घोट घशाखाली गेल्यावर आठवलं ते कुणाचं होतं.

रत्नागिरीत उतरलो तर गटारं भरून वाहत होती. मालकांना कॉम्प्रेसर गंजलेला असल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि एवढे दिवस काय करत होतास?" मी म्हणालो, बर्फ विकत घेत होतो. त्यांना तो उद्धटपणा वाटला.

शाळेजवळच्या दोन खोल्या मी सोडलेल्या नाहीत. खिडकीत तो तांब्या ठेवला आहे. उसनी वस्तू परत करायला माणसाला जावंच लागतं, तेव्हा पुढच्या उन्हाळ्याची चिंता मला नाही. चिंता वेगळी आहे. तो रिकामा परत द्यायचा की भरून, हे काही तिनं सांगितलं नाही. भरून न्यायचा म्हटला तर नेणारा मी. म्हणून सध्या कारखान्यातून आलो की तो भरतो, फिरकी घट्ट आवळतो, उलटा धरतो आणि खाली हात ठेवून बघत बसतो. अजून थोडा गळतो.